वाजवी संशयाचा मेंढा

क्रांती चौकातला सिग्नल लाल झाला आणि मल्हारराव थांबले. इथपर्यंतची हकिगत निर्विवाद असून ती दोन्ही न्यायालयांनी मान्य केलेली आहे.

वाद त्यापुढचा आहे. त्या वेळी चौकात पोलीस दिसत नव्हता. म्हणजे होता, पण हवालदार पुंजाराम उड्डाणपुलाच्या खांबाआड सावली धरून उभा होता आणि दिसू नये हाच त्या उभं राहण्याचा हेतू होता. मल्हाररावांच्या हातात दोरी होती, दोरीला काळा मेंढा होता. पडेगावच्या माळावर कळप भावाच्या हवाली करून ते मुकुंदवाडीला लेकीकडं निघाले होते. लेकीचं, ज्ञानेश्वरीचं, तान्हं पोर दुखण्यातून उठलं होतं. बिरोबाच्या नावानं सोडलेला मेंढा दारात आणून ओवाळीन, असं तिनं कबूल केलं होतं. मागं रिक्षांचा कालवा चालला होता. "चलो ना चाचा, कायकू रुके?" असं एक रिक्षावाला पुन्हा पुन्हा विचारत होता. मल्हारराव हलले नाहीत. मेंढाही हलला नाही. दिवा लाल आहे आणि एक माणूस व एक जनावर पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडं शांत उभे आहेत, असा देखावा पुंजारामनं अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. तो खांबाआडून बाहेर आला.

"ओ मामा, काहून थांबले?"

"लाल हाय की."

"ते दिसलं मला. पन थांबले काहून?"

मल्हाररावांनी दिव्याकडं बोट दाखवलं, कारण उत्तर देऊन झालं होतं. त्यांचं हे बोट दाखवणं पुंजारामनं लक्षात ठेवलं.

पुंजाराम वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगितलं पाहिजे. त्याचा विचार सरळ होता. या चौकात जे थांबतात ते पोलीस बघून थांबतात. पोलीस न बघता जो थांबतो, त्याच्या मनात काहीतरी आहे. आणि ज्याच्या मनात काहीतरी आहे त्याच्या हातात जे असेल ते त्याचं नसणार. ठाण्यात गेल्यावर त्यानं लिहून दिलं: "सदर इसम कोणीही पाहत नसताना नियमाचे पालन करताना मिळून आला. सबब त्याच्याबद्दल वाजवी संशय निर्माण झाला."

ठाण्याचं नाव इथं दिलेलं नाही. आपल्या मनात जे आलं ते ठाणं हे नव्हे.

मल्हाररावांना अटक झाली नाही. त्यांना बसवलं. आपल्याकडं अटक आणि सुटका यांच्या मधोमध ही एक जुनी, सोयीची अवस्था आहे. अटक केली की कारण सांगावं लागतं, नातेवाइकांना कळवावं लागतं, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढं उभं करावं लागतं. बसवलेल्या माणसाचं यातलं काही करावं लागत नाही. तो केवळ बाकावर बसलेला असतो, आणि बाकावर बसणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. मल्हारराव दोनदा उठले. दोन्ही वेळा त्यांना बसा म्हणून सांगण्यात आलं, तेही "मामा" म्हणून, आदरानं.

मेंढा बाहेर जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या रांगेत बांधला होता. तिथल्या एका सीटवरचं रेक्झिन त्यानं चाखून पाहिलं आणि नापसंत केलं.

उन्हं उतरल्यावर साहेब आले. साहेबांनी चहा मागवला, मल्हाररावांनाही दिला आणि मुद्द्याचं विचारलं.

"बाबा, मेंढा कुणाचा?"

आता इथं मल्हाररावांनी जी चूक केली, ती धनगराच्या घरात जन्मल्याशिवाय करता येत नाही. देवाला सोडलेल्या जनावराला माझं म्हणायचं नसतं. ते कळपात चरतं, कळपाच्या पुढं चालतं, त्याला कात्री लागत नाही, ते विकलं जात नाही. जत्रेच्या दिवशी ते पुढं झाल्याशिवाय घरातलं कुणी देवाची पायरी चढत नाही. पण त्याला माझं म्हटलं की सोडलेलं परत घेतलं असं होतं. मल्हाररावांच्या वडिलांनी एकदा नुसतं चुकून म्हटलं होतं, तर सबंध चैत्र ते अनवाणी हिंडले होते.

"देवाचा हाय," मल्हारराव म्हणाले.

"तुमचा नाही?"

"माजा कसा आसंल?"

साहेबांनी पुंजारामकडं पाहिलं. पुंजारामच्या चेहऱ्यावर, संशय घेणारा एक मी आणि तो खरा निघाला, असं समाधान होतं.

"म्हणजे मेंढा दुसऱ्याचा आहे हे कबूल."

"दुसऱ्याचा नाय, देवाचा."

"देव तुम्हीच का?"

"काय बोलता साहेब."

"मग दुसराच ना. त्यानं मेंढा न्यायला परवानगी दिलती?"

"कौल दिलता की."

"लेखी?"

कायद्यात असं एक कलम आहे की, चोरीची असावी असा वाजवी संशय येणारी वस्तू ज्याच्याजवळ सापडली आणि ज्याला तिचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तो गुन्हेगार. वस्तू हरवल्याची तक्रार कुणी केलेली असण्याची गरज नाही. हे कलम फार दूरदृष्टीनं केलेलं आहे. चोरी झाल्यावर चोर शोधणं कष्टाचं असतं. चोर आधी धरून चोरी मागाहून शोधणं सोपं जातं. साहेबांनी मल्हाररावांना खरेदीची पावती मागितली. मेंढा विकत घेतला नाही, जन्मला, असं मल्हारराव म्हणाले. जन्माचा काही पुरावा, असं विचारल्यावर त्यांनी मेंढ्याची आई अजून कळपात आहे, तिला बोलवा, असं सुचवलं. हे उद्धट उत्तर म्हणून वेगळं नोंदवण्यात आलं.

मग पंचनामा झाला. ठाण्यासमोर राजकुमारचं झेरॉक्सचं दुकान आहे. राजकुमार हा त्या ठाण्याचा कायमचा पंच. शहरात कुठंही काही सापडो, ते राजकुमारच्या समक्ष सापडतं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, म्हणून त्यानं मशीनवरचा हात न काढता दुसऱ्या हातानं सही केली. पंचनामा आदल्या दिवशीच्या मोटारसायकल चोरीच्या पंचनाम्यावरून उतरवला होता आणि घाईत वाहनाच्या जागी जनावर एवढाच बदल झाला. त्यामुळं सरकारदरबारी मल्हाररावांकडं जे सापडलं ते असं: "एक मेंढा, रंग काळा, चालू स्थितीत, डाव्या बाजूचा आरसा नसलेला."

जप्त केलेली वस्तू सीलबंद करावी, त्यावर पंचांच्या सहीची चिठ्ठी लावावी, असा नियम आहे. मेंढा पोत्यात मावेना. तो लाखेला हरकत घेऊ लागला. शेवटी चिठ्ठी सुतळीनं त्याच्या गळ्यात बांधली, आणि सकाळपर्यंत त्यानं ती खाल्ली. सरकारी वकील पुढं कोर्टात म्हणाले की पुरावा नष्ट झालेला नाही, तो पुराव्याच्या पोटात आहे.

मल्हारराव दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटले. मेंढा सुटला नाही. मेंढ्याला जामीन राहायला कुणी तयार असलं तरी तो आरोपी नव्हता, मुद्देमाल होता, आणि मुद्देमालाला जामीन नसतो. ज्ञानेश्वरीनं ओवाळायचं ताट तसंच झाकून ठेवलं. चैत्रात जत्रा आली. मल्हाररावांच्या घरचं कुणी पायरी चढलं नाही. सगळे खाली, रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडून परतले. भावकी काही बोलली नाही, पण भावकीचं न बोलणं माळावर लांबपर्यंत ऐकू येतं.

खालच्या कोर्टात खटला उभा राहिला. मल्हाररावांचा वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होता. न्यायाधीशांनी विचारलं, मेंढा तुमचा आहे का. मल्हारराव नाही म्हणाले. न्यायाधीशांना बरं वाटलं. इतकं थेट उत्तर त्यांना कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. मल्हाररावांना शिक्षा झाली आणि अपिलापुरती ती थांबवण्यात आली.

अपील मोफत कायदेशीर मदतीतून अॅडव्होकेट दीपमाला यांच्याकडं गेलं. दीपमाला हुशार होती आणि नवी होती, म्हणून तिनं कागद वाचले. तिला पहिल्याच वाचनात आरसा दिसला. मग असं दिसलं की ज्या घटकेला राजकुमार ठाण्यासमोर मेंढ्याचा पंच होता, त्याच घटकेला तो शहागंजात एका गॅस सिलिंडरचा आणि पडेगावात एका तलवारीचाही पंच होता. तिन्ही सह्या त्याच्याच होत्या. सिलिंडरखालची जरा बरी होती.

अपिलात खरा प्रश्न संशयाचा होता. सिग्नलला थांबणं हे संशयास्पद कसं, असं दीपमालानं विचारलं. सरकारी वकील जुने होते. ते म्हणाले की संशय वाजवी आहे की नाही हे त्या जागेच्या रीतीवर ठरतं. लग्नात नाचणाऱ्यावर कुणी संशय घेत नाही, तेराव्याला नाचणाऱ्यावर सगळे घेतात. क्रांती चौकाची रीत काय आहे, हे न्यायमूर्तींनी आज कोर्टात येताना आपल्या गाडीतून स्वतः पाहिलंच असेल. यावर न्यायमूर्तींनी पंखा वाढवायला सांगितला.

पण निकाल चांगला लागला. सिग्नलला थांबणं हे असाधारण असलं तरी संशयास्पद म्हणता येणार नाही. संशय वाजवी नव्हता, म्हणून बसवून ठेवणं बेकायदा. बसवून ठेवणं बेकायदा, म्हणून तिथं झालेली जप्ती बेकायदा. पंच एका वेळी तीन ठिकाणी होता, म्हणून पंचनामा अविश्वसनीय. पोलिसांसमोर दिलेला "देवाचा हाय" हा जबाब, आणि वकील गैरहजर असताना कोर्टात दिलेला "नाही" हा जबाब, दोन्ही विचारातून वगळले. काही उरलं नाही, म्हणून मल्हारराव निर्दोष. मेंढा त्याच्या मालकास परत करावा.

दीपमालानं कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांना पेढा दिला. ज्ञानेश्वरी पोराला कडेवर घेऊन आली होती. आता पुढच्या जत्रेला चार लोकांसारखं वर जाऊ, असं ती म्हणाली. मल्हाररावांनी अर्धा पेढा मेंढ्यासाठी धोतराच्या सोग्यात बांधला.

ठाण्यात साहेबांनी निकाल वाचला. त्यांना मुळीच राग नव्हता. मालकाच्या नावानं अर्ज करा, मेंढा घेऊन जा, असं ते म्हणाले. मल्हाररावांनी मालकाच्या जागी बिरोबाचं नाव सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, देवाचा जबाब कोर्टानं वगळलाय. आता देवाचा म्हणणं म्हणजे कोर्टाचा अवमान. तुमचा आहे म्हणा."

"माजा नाय की."

"मग आलात कशाला?"

दीपमालानं त्यांना बाजूला घेतलं. एका शब्दाचा प्रश्न आहे काका, असं ती म्हणाली. माझा म्हणा आणि न्या. देवाचं नंतर बघू.

"ताई, देव नंतरच बघत आसतो," मल्हारराव म्हणाले आणि अर्ज न करता पडेगावला परतले. खरं सांगितलं तेव्हा गुन्हा झाला होता, आणि आता खोटं सांगितल्याशिवाय न्याय पुरा होत नव्हता. यात नेमकं काय चुकलं हे शोधायला ते कित्येक दिवस कळपामागं फिरले. सापडलं नाही. मेंढरांना विचारावं तर ती चरत होती.

इकडं मेंढा ठाण्यात होता आणि त्याची प्रकृती सुधारत होती. कोर्टानं वगळलेला तो एकच जबाब ठाण्यातल्या मंडळींनी मात्र मनोमन ग्राह्य धरला होता. देवाचा आहे म्हटल्यावर त्याला काठी कोण लावणार? पुंजारामनं एक दिवस त्याला घरून भाकरी आणली, आणि त्याच आठवड्यात त्याची वर्षानुवर्षं अडकलेली बदली मंजूर झाली. ही बातमी ठाण्यात कामकाजाच्या वेगानं न जाता अफवेच्या वेगानं गेली. दुसऱ्या दिवशी मेंढ्याच्या कपाळाला हळद होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी नारळ फोडला. पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्या एका गृहस्थांनी सहज हात जोडले आणि त्यांचा अहवाल त्याच दिवशी गेला. त्यानंतर पडताळणीला येणारा माणूस आधी मोटारसायकलींकडं वळू लागला.

मोटारसायकली हलवण्यात आल्या. वर पत्रे आले, खाली फरशी आली, पुढाऱ्यांच्या फोटोचा फलक आला. राजकुमारनं दुकानात नारळ आणि अगरबत्ती ठेवायला सुरुवात केली. झेरॉक्स आता फक्त आग्रहाखातर निघत. नाव कुणी दिलं ते कळत नाही, पण फलकावर आलं: "जागृत देवस्थान श्री मुद्देमाल महाराज". गुरुवारी रांग रस्त्यापर्यंत जायची. हरवलेली गाडी सापडावी म्हणून लोक येत, सापडू नये म्हणूनही येत, आणि महाराज दोन्ही बाजूंचे पेढे खात. ठाण्यात येणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून साहेबांचा "लोकाभिमुख पोलीस" म्हणून वरच्या कचेरीत गौरव झाला.

पुढचा चैत्र तोंडावर आला तेव्हा ज्ञानेश्वरी पडेगावला आली. तिनं भांडण काढलं नाही. एवढंच म्हणाली की आबा, देवाला राग येईल तो सोसू, तो आपलाच आहे, समजून घेईल. पण खालून हात जोडून परत यायचं आणि पोराला काय सांगायचं? मल्हाररावांनी त्या रात्री काही खाल्लं नाही. सकाळी त्यांनी पायातल्या वहाणा काढून दाराशी ठेवल्या, म्हणजे पुढचं प्रायश्चित्त आधीच सुरू केलं, आणि गुरुवार होता तरी अनवाणी शहराकडं निघाले.

रांग मोठी होती. ज्ञानेश्वरी पोराला घेऊन मागं उभी राहिली. मल्हारराव पुढं गेले, तर रांगेनं त्यांना मागं पाठवलं. शेवटी पत्र्याखाली त्यांचा नंबर आला. मेंढ्यानं त्यांना ओळखलं. झुलीसकट, हारांसकट उठला आणि त्यांच्या पोटाला डोकं घासू लागला. लोकांना वाटलं, कौल दिला. समोर टेबलाशी साहेब राजकुमारकडून आलेले नारळ मोजत होते. मल्हाररावांनी हात जोडले, डोळे मिटले आणि कोर्टाला हवा होता, साहेबांना हवा होता, दीपमालाला हवा होता तो शब्द आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला.

"साहेब, मेंढा माजा हाय. मी न्यायला आलोय."

रांगेतली डोकी वळली. मग मागून कुणीतरी विचारलं की कोण हो हा म्हातारा. कुणी म्हणालं, हात नाही जोडले त्यानं मेंढ्याला, साहेबाला जोडले, मी बघितलं. कुणी म्हणालं, पायात चप्पल पण नाही, पळायची तयारी दिसते. देवाला माझा म्हणतो, असं एक बाई म्हणाल्या आणि त्यांना रडू कोसळलं. सगळ्यांच्या भावना एकाच वेळी दुखावल्या. साहेबांनी मल्हाररावांचा दंड धरला, पण त्यात जोर नव्हता. खरं तर लोकांपासून वाचवण्यासाठीच धरला होता, असं ते नंतर म्हणाले. ज्ञानेश्वरी गर्दीतून ओरडत होती की आमचाच आहे तो, देवाचा आहे, आमचाच आहे. हे एकमेकांशी विसंगत निवेदन म्हणून टिपून घेण्यात आलं.

या वेळी बसवून ठेवलं नाही. रीतसर अटक झाली, देवस्थानचा मेंढा पळवण्याचा प्रयत्न असं कारण लेखी दिलं, लेकीला कळवलं, दुसऱ्याच दिवशी कोर्टापुढं नेलं. दीपमाला धावत आली आणि तिनं सगळे कागद दोनदा वाचले. वगळण्यासारखं काही सापडलं नाही. संशय पुंजारामचा नव्हता, सबंध रांगेचा होता, आणि इतक्या लोकांचा संशय अवाजवी कसा म्हणायचा? कबुली पोलिसांनी काढलेली नव्हती. आरोपीनं ती उघड्यावर, स्वखुशीनं, मोठ्या आवाजात दिली होती. मेंढ्याचं वर्णन बरोबर होतं, आरशाचा उल्लेखसुद्धा नव्हता. पंच म्हणून राजकुमारला बोलवावंच लागलं नाही. समाजातले स्वतंत्र, प्रतिष्ठित, सुशिक्षित नागरिक स्वतःहून पुढं आले आणि सहीसाठी पेन कमी पडले.

तिनं सह्यांची पानं उलटून पाहिली. त्यातली पहिली सही, वाचकमहाशय, आपली आहे. आपण मुलाच्या पासपोर्टसाठी आला होतात, रांगेत पुढंच होतात. सही जराशी वाकडी आली आहे, पण ती आपलीच आहे हे सिद्ध करायला अडचण येणार नाही. दुसऱ्या हातात नारळ होता, म्हणून कागद नीट धरता आला नाही, एवढंच.